बेगिमायच्या दप्तरातल्या गोळ्या

आई,

बेगिमाय शाळेत चक्कर येऊन पडली. तिचे कपडे न्यायला मी धावत घरी आले, तर तुम्ही नव्हतात. तिच्या दप्तरात बारीक होण्याच्या गोळ्या सापडल्या. शुद्धीवर आलीय, पण छातीची धडधड थांबत नाही. डॉक्टर म्हणाले, वजन उतरवायचं तर रोज खेळू द्या, साधं जेवू द्या, गोळ्या नकोत.

आज कणकेचे बोरसोक तळू नका. आणि तिला "जाडे, तुला कोण करून घेणार?" असं आता गमतीनंही म्हणू नका.

माझ्या कानात म्हणाली, "आई, आजीनं वाढलेलं रोज कुत्र्याला घालत होते. तिला सांगू नकोस, रडेल."

आई, मला फार भीती वाटतेय. बाजारामागच्या दवाखान्यात लगेच या.

जाझगुल