जिनिंगमधला जुना कॉम्प्युटर

वालूर, ता. सेलू
दि. ७ ऑगस्ट १९९१

प्रिय सूर्यभानदादा यांस,
पंचफुलाचा सविनय जय भीम.

तुमची कंबर आता कशी आहे? वहिनींनी शेकायला मीठ वापरलं की वाळू, हे आईनं मुद्दाम विचारायला सांगितलंय (तिच्या मते वाळूच, मिठानं शेकणारे लोक औरंगाबादला जाऊन बिघडलेले). इकडे आम्ही सर्व ठीक आहोत, म्हणजे प्रकृतीनं. माझं डोकं मात्र गेले पंधरा दिवस ठिकाणावर नाही, आणि त्याला कारण एक कॉम्प्युटर आहे. तो घ्यावा की घेऊ नये, एवढंच मला विचारायचंय. तुमच्या ऑफिसात तो असतो, म्हणून बाबांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "सूर्यभान घ्या म्हणला तर घेऊ, न्हाईतर न्हाई."

मूळ चूक माझी. जूनमध्ये मी बी.ए. झाले म्हणून विहारात सत्कार झाला. गळ्यात हार पडला की माणसाला भाषण सुचतं. वस्तीतल्या मुलींनी खुरपं ठेवून कॉम्प्युटर शिकला पाहिजे, आणि पंधरा ऑगस्टपासून मी शिकवीन, असं मी बोलून गेले. (तोवर मी कॉम्प्युटर एकदाच पाहिला होता, परभणीला, काचेआडून.) टाळ्या झाल्या आणि लोक विसरलेही असते, पण शेजारच्या मालनमावशींनी माझं बोलणं खरं मानलं. त्यांनी लेकीला, कुशावर्ताला, निंदणीला पाठवणं बंद केलं. भर हंगामात! आता रोज पाण्याला जाताना दारात थांबतात. "का गं बी.ए.बाई, कवा यायलंय तुझं कंपुटर? का देऊ परत खुरपं हिच्या हातात?" पंधरा तारीख हुकली तर त्या खरंच देतील. आणि एकदा रानात गेलेली मुलगी पुन्हा वहीसमोर बसत नाही, हे मी माझ्याच वर्गातल्या चौघींचं पाहिलंय.

नवा घेण्याचा प्रश्नच नव्हता. तेवढ्यात कळलं की सेलूच्या एका जिनिंगवाल्यानं जुना विकायला काढलाय. मी एकटीच जाणार होते. पण बाबांचं म्हणणं, वस्तू कसलीही असो, सोबत पारखी माणूस हवा. (दादा, नामांतरासाठी तुरुंगात जाताना बाबांनी आईलासुद्धा विचारलं नव्हतं, आणि या यंत्रासाठी अर्धी वस्ती विचारून झाली.) पारखी माणूस कोण, तर लिंबाजीकाका, ज्यांची सगळी हयात बैलबाजारात गेली.

शुक्रवारी गेलो. काकांनी आधी कॉम्प्युटरभोवती दोन फेऱ्या मारल्या, पाठीवर थाप मारली, मग बटणांच्या पाटीवर वाकले आणि हळहळले, "दोन दात पडलेत की हो, मुनीम." जिनिंगचे दत्तराव मुनीम म्हणाले, ती दोन बटणं लागतच नाहीत. झाकण उघडलं तर आत मूठभर कापूस आणि सरकीचे दाणे. मी (पुस्तकात वाचलेलं) विचारलं, याची मेमरी किती? "लय हाय," मुनीम म्हणाले, "गेल्या तीन हंगामांचा कापूस पाठ हाय त्याला."

मग सौदा. काकांनी खांद्यावरचा रुमाल मुनिमांच्या हातावर टाकला आणि त्याखाली त्यांची बोटं धरली, बैलाच्या सौद्यात धरतात तशी. मुनीम दचकले. "अहो, चहा सांडंल!" पण पाच मिनिटांत त्यांचीही बोटं चालू लागली. एकमेकांकडे न बघता दोघं रुसले, हसले, एकदा तर मुनीम उठूनच गेले (बोटं रुमालातच). शेवटी रुमाल निघाला, जमलं. मी विचारलं, कितीला?

"असं चारचौघांत बोलत नसतेत, पोरी."

बाहेर आल्यावर विचारलं, तर रस्त्यात बोलत नसतात. एस.टी.त तर नाहीच नाही. घरी आल्यावर काकांनी तोच रुमाल बाबांच्या हातावर टाकला आणि बाबांनी समाधानानं मान हलवली. आईला कुणी न सांगताच कळलं. अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झालेली मी तेवढी, जिला अजून किंमत माहीत नाही! लय स्वस्त आहे म्हणतात. मी किती रागावले ते इथं लिहीत नाही, कारण काका वडीलधारे आहेत.

शिवाय त्यांनी बैलासारखीच अट घातली: आठ दिवस घरी नेऊन कामाला लावून बघणार, अंग चोरलं तर परत. मुनीम लगेच कबूल झाले, हेच मला बरं वाटलं नाही.

तर दादा, यंत्र जुनं, त्यात दोन बटणं नाहीत, गावात दिवसा वीज टिकत नाही आणि शिकवणारीलाच काही येत नाही. तरी मला घ्यावासा वाटतो. पण मी काहीएक ठरवलेलं नाही. तुमच्या शब्दाबाहेर मी नाही. नीट विचार करून, अगदी मोकळेपणानं कळवा.

तुमची धाकटी बहीण,
पंचफुला

ता. क. कॉम्प्युटर सोमवारीच घरी आला आणि तेव्हापासून नुसता काळा बसून आहे. सुरू करताना एक पातळ काळी चकती आत सरकवावी लागते, असं बजावून मुनिमांनी ती काकांच्या हाती दिली होती. खिशात मावेना म्हणून काकांनी तिची चौघडी करून तंबाखूच्या चंचीत ठेवली. वर 'डॉस' असं लिहिलंय, त्यातला 'स' आता दिसत नाही. तुमच्या ऑफिसातून तसली एक चकती मिळवून सेलूच्या गाडीच्या कंडक्टरजवळ द्या, घडी न घालता. मंगळवारी आठ दिवस भरतात. त्याच्या आत तो उजळला नाही, तर काका त्याला परत सोडून येणार, आणि बुधवारी कुशावर्ता रानात.

आणखी एक. तुमच्या उत्तराआधी तो घरी कसा आला, हे तुम्ही विचारालच. मी बाबांना सांगितलं, दादाचं पत्र आलं आणि त्यांनी घ्या म्हणून लिहिलंय. आता बाबा ते पत्र रोज बघायला मागतात. मी आजवर कधी खोटं बोलले नव्हते, त्यामुळे सराव नाही, आणि 'ट्रंकेत आहे, किल्ली सापडत नाही' हे एकच कारण तीनदा सांगून झालं. तेव्हा चकतीबरोबर एक चिठ्ठीही द्या. मजकूर सर्वस्वी तुमच्या मनाचा असू द्या, माझा कसलाही आग्रह नाही. फक्त त्यात 'घ्या' असावं, आणि तारीख जुलैची असावी.