ताईची राहिलेली तपासणी

प्रिय ताई,

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. तीन वाक्यं झाली की ‘बाळ उठलं गं’ म्हणतेस. म्हणून हे पत्र. पूर्ण वाच, मध्येच बाळ उठलं तर भाओजींना घेऊ दे.

आधी माझी बातमी. आम्ही ठरवलंय, येत्या वर्षात मूल हवं. अजून काही नाही, आईला सांगू नकोस, नाहीतर उद्याच टोपडी शिवायला बसेल. मी मात्र आतापासून फॉलिक अ‍ॅसिडची गोळी घेते, कारखान्यातला सहा वेळचा चहा दोनवर आणलाय आणि बसमधून दोन थांबे आधी उतरून चालते. शिलाईवरच्या बायका हसतात. म्हणतात, बाजारात तुरी!

हे सगळं मी तुझ्याकडूनच शिकले. पोटुशी असताना तुझी साखर वाढली, तेव्हा किती नेटाने पाळलंस! जेवल्यावर गच्चीत फेऱ्या, गोड दिसलं की मान फिरवायचीस. आई तुझं ताट पहिलं वाढायची. बाळ झालं आणि पंधरवड्यात तुझं ताट पुन्हा शेवटी गेलं. गेल्या महिन्यात आले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते, आणि तू ओट्याशी उभ्यानेच बाळाच्या वाटीतलं उरलंसुरलं खात होतीस. मी टोकलं तर म्हणालीस, ‘ते पथ्य बाळासाठी होतं, बाळ तर आलं की बाहेर!’ आईनेही मान डोलावली. मी गप्प बसले. का, ते आता सांगते.

बाळ दीड महिन्याचं असताना आपण दवाखान्यात गेलो, तेव्हा दोन कामं होती. बाळाची लस आणि तुझी साखरेची तपासणी. तू उपाशीपोटी आली होतीस. लस टोचल्यावर बाळाने असा टाहो फोडला की आपल्या दोघींचं धाबं दणाणलं. नर्सने विचारलं, ‘आईचं रक्त घ्यायचंय ना?’ आणि मीच म्हणाले, पुढच्या आठवड्यात येतो. घरी आईने विचारलं तेव्हा ‘सगळं नीट आहे’ म्हणून मोकळी झाले. नीट होतं ते बाळाचं. आईला वाटलं दोघांचं. मी तिला तसंच वाटू दिलं. कारखान्यात शर्टाचं एक बटण सैल दिसलं तर अख्खा गठ्ठा परत पाठवणारी मी, सख्ख्या बहिणीच्या बाबतीत साडेसात महिने डोळेझाक करत राहिले.

परवा माझ्या तपासणीला गेले. डॉक्टरबाईंनी विचारलं, घरात कुणाला साखर? म्हटलं, ताईला होती, गेली. ‘गेली हे कुणी पाहिलं?’ ‘कुणीच नाही,’ मी खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, बहुतेकींची जाते, सगळ्यांची नाही. गेली तरी पुढे उलटू शकते, म्हणून पाहत राहायचं असतं.

तेव्हा ऐक. सोमवारी सकाळी साडेसातला दवाखान्यात तुझं नाव नोंदवलंय. मी सुट्टी टाकलीय. भाओजींशी बोललेय, बाळ त्यांच्याकडे राहील. आईलाही खरं सांगितलं. ती मला खूप बोलली, आणि बरोबरच बोलली. रविवारी रात्री जेवलीस की मग फक्त पाणी. सवड नाही म्हणालीस तर दारात ठाण मांडून बसेन. तुझा अहवाल हातात येईपर्यंत मी माझ्या बाळाचा विचारही पुढे नेणार नाही. माझ्यावर रागवायचं असेल तर रांगेत बसून रागव, पण हात पुढे कर.

तुझीच,
चुकलेली, पण आता न हटणारी
धाकटी