उलटी ठेवलेली सायकल

अप्पा, परवा कुरिअरनं आलं ते असं: ब्रेकमध्ये घालायचं तेल, लहान बाटली, चारशे ऐंशी रुपये, बिनसुईच्या दोन सिरिंजा, त्यांच्या नळ्या, एक प्लास्टिकचं नरसाळं आणि एक पिवळा ठोकळा, हे सगळं मिळून सहाशे नव्वद, कुरिअरचे साठ वेगळे. शिवाय मेडिकलमधून स्पिरिट आणलं, ते पंचेचाळीस. चारशे ऐंशीत दोन किलोच्या वर शेंगदाण्याचं तेल आलं असतं, हे मनात आलंच, पण खर्च मांडून मोकळी झाले. तुम्हांला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी तुम्हांला तेलाचा भाव कळवतेय. पण हे दुसऱ्या कुणाला कळवायचं? ह्यांना सांगायला गेले तर पेपरातून मान वर न करता म्हणाले, "सायकलीला सलाईन लावणार काय आता?"

सायकल सूनबाईची. ती धारवाडात सप्तापूरला कॉलेजात शिकवते, आणि रविवारी तिथल्याच दोघी-तिघींबरोबर डोंगरवाटांनी सायकल घेऊन हिंडते. स्वतःच्या पगारातून घेतलीय, त्यामुळं किमतीबद्दल मी काही बोलले नाही, नुसता आकडा ऐकून देवघरात जाऊन बसले. तुम्ही असताना अशा सायकली हुबळीत नव्हत्या. टायर मनगटाएवढं जाड, मडगार्ड नाही, कॅरियर नाही, घंटीसुद्धा नाही. आणि ब्रेकला तार नाही, अप्पा. चाकाच्या मध्याशी भोकाभोकांची एक पोलादी चकती असते, तिला दोन बाजूंनी दोन गुटके चिमटीत धरतात. हँडलवरचं लिव्हर दाबलं की आतलं तेल बारीक नळीतून खाली ढकललं जातं आणि ते तेलच गुटक्यांना रेटतं. म्हणजे ज्या तेलाला तुम्ही ब्रेकचा वैरी म्हणायचात, त्याच्यावरच आता ब्रेक चालतो. पहिल्यांदा सूनबाईनं सांगितलं तेव्हा मला तुमचीच आठवण झाली. दुर्गदबैलच्या बाजाराच्या तोंडाशी आपलं सायकलदुरुस्तीचं दुकान, मी शाळेतून परस्पर तिथं आलेली, आणि एका मास्तरांच्या सायकलीच्या रिमला तेलाचा बोळा फिरवतेय. तुम्ही बघता. ओरडत नाही. "हे काय चाललंय?" मी म्हणते, "चमकावं म्हणून." "चमकायला ती काय समई आहे? मास्तर उतारावर ब्रेक दाबतील आणि थेट तळ्यात जातील. मग तू जा त्यांच्या वर्गावर शिकवायला." त्या दिवशी रॉकेलनं, मग साबणानं, मग कोरड्या फडक्यानं ती रिम मी संध्याकाळपर्यंत पुसत होते, आणि तुम्ही दर वेळी अंगठा फिरवून "अजून" म्हणत होतात.

एवढं शिकलेली मी, आणि तरी यंदा खंडेनवमीला घोटाळा केलाच. आपल्याकडे त्या दिवशी पाने, पक्कडी, पंप सगळं धुऊन पाटावर मांडलेलं असायचं, आणि दुरुस्तीला आलेल्या सायकलीसुद्धा तुम्ही पुसून उलट्या उभ्या करायचात, हँडल आणि सीट खाली, चाकं आभाळाकडं, प्रत्येक चाकाला झेंडूची माळ. माझ्या डोळ्यांसमोर सायकलीची पूजा म्हणजे तेच. सूनबाई कॉलेजात होती. मी तिची सायकल व्हरांड्यात उलटी केली, चाकं धुतली, माळा घातल्या, चौकटीला गंध लावलं. चकतीला मात्र बोट लावलं नाही, तेवढं ध्यानात होतं. नारळ फोडला, चाकांखाली लिंबू ठेवायचं तर चाकं वरच, म्हणून लिंबू हँडलखाली ठेवलं. आणि दसरा होईपर्यंत राहू दे, देवासमोर मांडलेलं मध्येच कशाला हलवायचं, म्हणून सायकल तशीच उलटी ठेवली.

दसऱ्यानंतर ती कॉलनीत एक फेरी मारून आली ती सायकल हातात धरूनच. "आई, पुढचं लिव्हर हँडलला टेकतंय. नुसतं भुसभुशीत लागतंय." मी दाबून पाहिलं. पाव दाबावा तसं. मी म्हटलं, माझ्या गंधाचं काही उडालं असेल, म्हणून आधी गुटके काढून उजेडात धरले, कोरडे होते. मग लिव्हरपासून खालपर्यंत नळीवर पांढरं फडकं फिरवलं, कुठं तेल पाझरतंय का म्हणून, फडकं पांढरंच. मग लिव्हर दाबून तसंच धरून ठेवलं. हळूहळू खाली गेलं असतं तर आतलं रबर गेलं म्हणायचं. तसं होत नव्हतं. आणि पटापट चार-पाच वेळा दाबलं की जरा घट्ट व्हायचं, सोडलं की परत पाव. सूनबाईनं तिच्या एका सायकलवाल्या मैत्रिणीला फोन लावला. तिकडून पहिला प्रश्न आला तो तिनं तसाच मला विचारला, "आई, सायकल उलटी केली होती का हो?"

"केली होती की. पूजेला."

"किती वेळ?"

"दसऱ्यापर्यंत."

तिनं फोनवर ते सांगितलं आणि दोघी हसल्या. रागावून नाही, पण हसल्या. वर लिव्हरपाशी तेलाची एक छोटी डबी असते, तिच्यात थोडी हवा राहिलेली असते. सायकल सरळ असली तर ती वरच बसून राहते, उलटी केली की नळीत शिरते. तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते, म्हणून लिव्हर मऊ. दाबून रबरबँडनं बांधून ठेवा, हवा आपसूक वर जाते, असंही मैत्रिणीनं सांगितलं. तसं ठेवलं. सकाळी बरं वाटलं, दुपारी परत तेच. धारवाडातला दुकानदार म्हणाला, रविवारनंतर आणा. आणि रविवारीच तिचं नि मैत्रिणींचं हल्याळ रस्त्याकडच्या टेकडीवर जायचं ठरलेलं, उतार सगळा दगडांचा. सूनबाई म्हणाली, "मागचा ब्रेक आहे की, आई. सावकाश उतरेन." अप्पा, मला जेवण गेलं नाही. बिघडवलंय मी, आणि उतरणार ही, एका ब्रेकवर. मी म्हटलं, "सामान मागव. आपण करू."

मागवायच्या आधी एकदा दुर्गदबैलला जाऊन आले, म्हटलं तिथं स्वस्त मिळेल. आपल्या दुकानाच्या जागी आता मोबाईलची कव्हरं टांगलीत. पुढं एका मोटारसायकलच्या सुट्या भागांच्या दुकानात गेले. "एन बेक्री, अक्का?" काय हवं, म्हणून. ब्रेक ऑईल म्हटल्यावर त्यानं लगेच बाटली काढली, एकशे दहा रुपये. मी लिव्हरच्या झाकणावरचं लिहिलेलं घरून वाचून गेले होते, म्हणून विचारलं, "हे मिनरल ऑईल आहे का हो?" तो म्हणाला, "अक्का, ब्रेक ऑईल म्हणजे ब्रेक ऑईल. गाडी थांबल्याशी कारण." एकशे दहा आणि चारशे ऐंशी. खोटं कशाला बोलू, हात पर्सकडे गेला होता. पण मोटारसायकलचं ते तेल ह्या ब्रेकातली रबरं फुगवतं, असं मैत्रिणीनं बजावलं होतं. मी बाटली परत त्याच्या पुढ्यात ठेवली. तो म्हणाला, "सायकलीला एवढं कशाला, अक्का?" तुमच्या गल्लीत उभी राहून हे ऐकलं.

काल दुपारी बसलो. व्हरांड्यात जुनं धोतर अंथरलं, सायकल सरळ उभी केली (सूनबाईनं दोनदा बजावलं, "आई, सरळ!"), चाक काढलं, गुटके काढून कागदात बांधून स्वयंपाकघरात नेऊन ठेवले, तेलाचा थेंबही लागायला नको. गुटक्यांच्या जागी तो पिवळा ठोकळा, म्हणजे आतले दट्टे बाहेर येत नाहीत. लिव्हर आडवं समपातळीत आणलं, वरचा बारीक स्क्रू काढून तिथं नरसाळं बसवलं. सूनबाई खाली बसून, चकतीजवळच्या खालच्या स्क्रूला नळी जोडून सिरिंजनं तेल वर ढकलणार, मी वर नरसाळ्यात बघणार. ती फोनवर बघून सांगायची, हात मी चालवायचे. "हळू गं, कढईत पुऱ्या सोडतेस का?" "हळूच ढकलतेय, आई. तुम्ही बुडबुडे बघा." आधी काहीच नाही. मग एक मोठा बुडबुडा गप्पकन वर आला, मग लहान-लहान, कढत तेलात मोहरी तडतडावी तसे, फक्त आवाज नाही. मी नळीवर पेन्सिलीनं हळू टिचक्या मारत होते आणि तोंडानं स्तोत्र चाललं होतं. ते संपेपर्यंत बुडबुडे येत राहिले, म्हणून परत पहिल्यापासून म्हटलं. मग खालचा स्क्रू बंद, लिव्हर सावकाश दाब, सोड, दाब, सोड, थोडं पुढं कलव, थोडं मागं. ती म्हणाली, "झालं वाटतं." मी म्हटलं, "अजून." म्हणून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की हा आवाज माझा नाही. आणखी दोन बारके बुडबुडे आले खरंच. मग नरसाळं काढलं, स्क्रू बसवला, सांडलेलं स्पिरिटनं पुसलं, हात साबणानं धुऊन गुटके परत आणले, चाक चढवलं. लिव्हर दाबलं. बोटाला भिंत लागावी तसं लागलं.

तुम्ही ब्रेक केलेली सायकल आधी स्वतः चालवून बघायचात. मला तर सायकल येत नाही. पाने हातात द्यायला तुम्ही मला बसवलंत, सीटवर कधी बसवलं नाहीत, आणि मीही कधी मागितलं नाही. म्हणून काल संध्याकाळी नवनगरातल्या आमच्या उतारावर सायकल हातात धरून पळत गेले आणि मध्येच लिव्हर दाबलं. चाक जागच्या जागी थांबलं, मी मात्र थांबले नाही, पदर हँडलला अडकून जवळजवळ वरून गेले. समोरची बाई गॅलरीतून ओरडली, "अक्का, येनायतु?" काय झालं, म्हणून. मी म्हटलं, "काही नाही, ब्रेक बघतेय." ह्यांनी ते फाटकातून पाहिलं आणि म्हणाले, "ब्रेक चांगला आहे. बाई बदला."

आज पहाटे ती निघाली. हेल्मेट बांधताना विचारलं, "ब्रेक बरा आहे ना, आई?" मी म्हटलं, "बिनघोर जा." अगदी तुमच्या तोंडचे शब्द. आणि म्हणता म्हणता लिव्हर पुन्हा एकदा दाबून पाहिलं. पूजा केली, नैवेद्य झाला, भाजी फोडणीला टाकून दोनदा मीठ घातलं. हातांना काही काम हवं म्हणून हे पाठकोरे कागद घेऊन बसले.

इथवर लिहिलं आणि फाटक वाजलं. आली. गुडघ्यापर्यंत चिखल, तोंडभर हसू. "आई, एका वळणावर गाय आडवी आली. पुढचा दाबला, जिथल्या तिथं उभी राहिले. मागची मैत्रीण माझ्यावर येऊन आदळली, तेवढंच." मी खाली बसून नळीवरून हात फिरवला, स्क्रू कोरडा आहे का पाहिला, लिव्हर दाबून पाहिलं. हे सगळं झाल्यावर मग विचारलं, "तुला कुठं लागलं का गं?" हे बरं नव्हे, मला कळतंय. तिनं मनावर घेतलं नाही. आंघोळीला गेली.

अप्पा, हे पत्र कुठं जायचं नाही, तरी एक विचारते. गिऱ्हाइकाला बिनघोर जा म्हणून झालं की तुम्ही हात पुसत दुकानाच्या पायरीवर उभे राहायचात, तो कोपऱ्यावरून वळून दिसेनासा होईपर्यंत. मला वाटायचं, तुम्ही गिऱ्हाइकाला मान देताय. आज पहाटे मीही फाटकाशी तशीच उभी होते, आणि मान वगैरे काही माझ्या मनात नव्हतं. तुमच्या मनात तेव्हा काय असायचं, तेवढं उलट टपालानं कळवा.