तुळसाचं बाळसं

भंडारा,
४ जुलै १९८२

ती. सुमनताईस,
मंगलाचा सप्रेम जयभीम वि. वि.

तुझं पत्र येऊन महिना झाला. रागावू नको. आमच्या मुलांच्या वॉर्डात नव्या डॉक्टरबाई आल्या आहेत आणि त्यांनी आम्हा सिस्टरांच्या डोक्याचा पार भुगा केला आहे. मूल कोणत्याही दुखण्यासाठी भरती होवो, पहिल्याच दिवशी त्याचं वजन करायचं, दंडाला पट्टी लावायची आणि आईला विचारायचं: खाणं कमी झालं का, जुलाब-उलट्या आहेत का, अंग उतरलं का. ज्याला धोका दिसेल त्याच्या खाटेला लाल चिठ्ठी आणि त्याला दूध, अंडं, खिचडी जास्तीची. पट्टी जुन्या एक्स-रेच्या फिल्मची कापलेली. दंड भरलेला असला तर हिरवा रंग येतो, कमी असला तर पिवळा, फारच वाळलेला असला तर लाल.

इथवर समजलं. पण काल आपल्या पवनीच्या एका दुकानदाराचा भाजलेला मुलगा आला, चांगला धडधाकट, आणि त्याला चिठ्ठी लागली. शेजारी मजुराची किरकोळ अंगाची पोर तापानं आलेली, तिला नाही. मी विचारलं तर बाई म्हणाल्या, ती बारीक असली तरी नीट जेवते. हा मात्र भाजल्यापासून काही खात नाही. मूल आज कसं दिसतं एवढंच पाहायचं नाही, पुढल्या पंधरा दिवसांत त्याचं काय होईल तेही पाहायचं. मी मान हलवली, पण उमगलं अर्धंच. आयांचं तर विचारूच नको. एकीनं लाल चिठ्ठी म्हणजे लागट रोग समजून खाट बदलून मागितली.

माझी गोलू भाची तुळसा गोवरातून उठली का? भाऊजींना आणि तुझ्या सासूबाईंना, बायजाबाईंना जयभीम सांग. उशिराचा राग आणि माझ्यावरची माया, दोन्ही सांभाळून ठेव.

तुझी,
मंगला

चिखला,
११ जुलै १९८२

चि. मंगलास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. वाचून हसूही आलं आणि तुझी कीवही आली.

तुळसाला गोवर चैतात येऊन गेला. तेव्हा नुसती हाडं राहिली होती. आता पाहशील तर ओळखणार नाहीस. गाल भरले, पाय गुबगुबीत झाले, मागच्या दिवाळीचे पैंजण चढत नाहीत. खाणीच्या कामगार लायनीतल्या बाया दाराशी थांबून म्हणतात, पोरीनं बाळसं धरलं. सगळं सासूबाईंनी जपलं. गोवरानंतर पोटातलं पुरळ लवकर सुकत नाही, म्हणून अडीच महिने त्यांनी तांदळाच्या पेजेशिवाय काही दिलं नाही. डाळ नाही, तेल नाही, अंड्याचं तर नावच नाही. त्यांचा पहिला मुलगा डोमा गोवरातून उठून पोटभर जेवला आणि हगवणीनं गेला, तेव्हापासून त्यांचा हाच नेम आहे. एवढ्याशा पेजेवर एवढं अंग कसं भरलं, मलेच नवल वाटून राहिलं.

एक मात्र समजत नाही. पोरगी हसत नाही. जिथं बसवली तिथंच बसते आणि हात लावला की किरकिरते. केसही तांबूस झाले. हे म्हणतात, खाणीच्या धुळीनं झाले असतील. तूच सांग.

ती तीन रंगांची पट्टी मलेही धाड. आमची तुळसा हिरव्यात येते की नाही ते लायनीतल्या बायांना दाखवीन. जेवणाची हेळसांड करू नको. बहिणीची आठवण ठेव.

तुझी ताई,
सुमन

भंडारा,
१६ जुलै १९८२

ती. सुमनताईस,
मंगलाचा सप्रेम जयभीम.

ड्यूटीवर जाता जाता लिहिते आहे. पट्टी पाकिटात घातली आहे. डाव्या दंडाच्या मधोमध गुंडाळ, आवळू नको. हिरव्यात आली तर काळजीचं काही कारण नाही, हे मावशीचं सर्टिफिकेट समज. केसांना खोबरेल लाव. अडीच वर्षांची पोरं किरकिरतातच, मी काय कमी होते?

बाकी क्षेम. गोलूला पापा.

तुझी,
मंगला

भंडारा,
२० जुलै १९८२

ताई,

हे पत्र तुमसरच्या मोटारीच्या ड्रायव्हरकडे देते आहे. तो तिकडून चिखल्याला पोचवायची सोय करतो म्हणाला. पोस्टाची वाट पाहायला माझा जीव राहिना.

आज सकाळी एक मूल भरती झालं. पट्टी हिरव्यात आली, अंग भरलेलं, म्हणून मी चिठ्ठी न लावता पुढे गेले. डॉक्टरबाईंनी त्याच्या पावलावर अंगठा दाबून धरला आणि उचलला. खळी तशीच राहिली. मग बाई मला म्हणाल्या, “सिस्टर, हे मांस नाही, पाणी आहे. पट्टीला ते कळत नाही. आपल्याला कळलं पाहिजे.” त्याच्या आईला विचारलं तर तेही गोवरानंतर पेजेवरच. तेही हसत नाही, त्याचेही केस तांबूस.

ताई, मी तशीच खोलीवर धावले. तुझं पत्र काढून पुन्हा वाचलं. तू सगळं लिहिलं होतंस, मीच वाचलं नाही. माझं सर्टिफिकेट फाडून टाक. तुळसाच्या दोन्ही पावलांवर अंगठा दाबून पाहा. खळी राहिली तर कोणी काहीही म्हणो, त्याच पावली तिला घेऊन ये. मी तुमसरच्या प्रत्येक मोटारीला स्टँडवर उभी राहीन.

मंगला

चिखला,
३ ऑगस्ट १९८२

मंगलाबाईस परसरामचा जयभीम.

मी सातवी शिकलेला खाणीतला माणूस. मले नीट समजावून सांगा. तुमची पट्टी लावली, ती हिरवी आली. आईनं लायनीत साखर वाटली. साखरेनं तोंड गोड होतं न होतं तोच तुमचं दुसरं पत्र आलं. सुमननं अंगठा दाबून खळी दाखवली. मी म्हटलं, पोरीचं अंग लोण्यासारखं आहे, खळी पडणारच. तरी तुमच्या शब्दाखातर दोघींना मँगनीजच्या ट्रकमध्ये बसवून तुमसरला धाडलं. आता कोणत्या मंगलाबाईचं खरं धरावं?

परवा रविवारी येऊन पाहिलं तर माझा विश्वास बसेना. दहा दिवसांत पोरीच्या गालाची हाडं वर आली, मांडीची कातडी लोंबायला लागली. वजन दीड किलोनं उतरलं हे तर तुमच्या तक्त्यावरच लिहून आहे. भरल्या अंगाची पोरगी दिली आणि काड्या दिसून राहिल्या. वॉर्डात मी तुमचा मान राखला. येत्या शनिवारी येऊन दोघींना घेऊन जातो.

राग मानू नका. बाप आहे म्हणून लिहिलं.

परसराम

भंडारा,
५ ऑगस्ट १९८२

ती. भाऊजींस,
मंगलाचा जयभीम.

तुमचा राग रास्त आहे. हिरव्याचं सर्टिफिकेट माझं, चूकही माझी. सुजेवर ती पट्टी खोटी पडते, हे मला ठाऊक नव्हतं.

पण रविवारी तुम्ही पाहिली तीच खरी तुळसा. आम्ही तिला बारीक केली नाही. नुसत्या पेजेनं अंगात साचलेलं पाणी उतरलं आणि आत किती बारीक झाली होती ते दिसलं. वजन उतरणं ही चांगली खूण आहे, हे पटायला मलाच दोन दिवस लागले. मी वजनकाटा तीनदा तपासला. मग तुम्हाला एका भेटीत कसं पटावं?

शनिवारी या, पण न्यायला येऊ नका. दहा वाजता तिला दूध देतात, तेव्हा वाटी तुम्ही धरा. सुमनताईचा निरोप आहे की तुम्ही न्यायला आलात तरी ती खाटेवरून उठणार नाही. तिनं इतकं ठाम बोललेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. माझ्यावरचा लोभ गेला असेल तर तुळसापायी तेवढा परत आणा.

आपली,
मंगला

चिखला,
२४ ऑगस्ट १९८२

मंगलाबाईस परसरामचा सप्रेम जयभीम.

त्या शनिवारी मी वाटी धरली तेव्हा तुळसानं ती दोन्ही हातांनी ओढली आणि संपल्यावर भोकाड पसरलं. महिनाभर जी पोरगी धड रडलीही नव्हती ती पुन्हा दुधासाठी रडत होती. मी तसाच परत आलो, ते तुम्हाला ठाऊक आहे. आता सुमनचं कार्ड आलं. वजन पुन्हा चढून राहिलं आणि हे चढणं खरं आहे म्हणते. आधी चढलं ते वाईट, उतरलं ते चांगलं, आता चढलं ते चांगलं. माझं डोकं अजून गरगरते, पण पोरगी हसली असंही लिहिलं आहे, तेवढं मले समजलं.

लिहायचं कारण वेगळं आहे. घरी आल्यावर मी रागाच्या भरात आईला बोलून गेलो की तुझ्या पेजेनं पोरगी मरत होती. त्या दिवसापासून आई जेवत नाही. दिवसाला वाटीभर पेज घेते. म्हणते, पोरीला जे दिलं तेच मी खाईन. एकच विचारते, “मले कोणी सांगतलं काहून नाही?” तुम्ही तिला चार ओळी लिहा, मी वाचून दाखवीन.

माझ्या मागच्या पत्राचं मनात ठेवू नका.

परसराम

भंडारा,
२८ ऑगस्ट १९८२

ती. बायजाबाईंस,
मंगलाचा आदरपूर्वक जयभीम.

भाऊजी हे वाचून दाखवतील. तुम्ही जवळ बसून ऐका.

तुम्ही विचारता, कोणी सांगितलं काहून नाही. सांगायचं काम माझं होतं. ताईनं मला सगळं लिहून कळवलं होतं, तरी वॉर्डात रोज मुलं पाहणाऱ्या मीच ते हसण्यावारी नेलं. तुम्हाला तर माझ्याच पट्टीनं हिरवा रंग दाखवला. मग एकट्या तुम्हीच पेजेवर का राहावं?

आणखी एक लिहिते. तुमच्या डोमाचं मी डॉक्टरबाईंना विचारलं. त्यांनी त्याला पाहिलेलं नाही, म्हणून खात्रीनं कसं सांगणार? पण त्या म्हणाल्या, गोवरानंतरच्या हगवणीत अंगातलं पाणी जातं आणि लेकरू हातून सुटतं. पोटभर जेवला म्हणून गेला, असं होत नाही. बाई, तो तुमच्या हातच्या जेवणानं गेला नाही.

तुळसाला येत्या शनिवारी सुट्टी आहे. घरी तिला दिवसातून पाच वेळा खायला लागेल: मऊ भात, डाळ, वर तेल, रोज एक अंडं. भाऊजी खाणीत आणि सुमनताईला घरचं काम, एकटीला ते जमायचं नाही. सुट्टीच्या कागदावर घरी मुलाला भरवणाऱ्याचं नाव लिहायचं असतं. मी ताईला विचारलं, कोणाचं लिहू? तिनं तुमचंच नाव सांगितलं. मी लिहून टाकलं आहे: बायजाबाई, आजी.

तेव्हा शनिवारपर्यंत नीट जेवून अंगात ताकद आणा. मला आपली समजा.

तुमची,
मंगला