जंतूंची भूक

४ मार्च
संगणकावरचं माझं मॉडेल पुन्हा बरळलं! खतातलं नायट्रेट पाण्याबरोबर मातीतून खाली किती झिरपतं आणि बोअरपर्यंत किती पोचतं, एवढंच सांगायचंय त्याला. ताईच्या सोसायटीच्या बोअरला ते म्हणतं, लिटरमागे त्रेपन्न मिलिग्रॅम. प्रयोगशाळेने तिथलंच पाणी तपासून दिलंय — बारा. पिण्याच्या पाण्याची मर्यादा पंचेचाळीस.

मी म्हटलं, माती नीट मोजली नसेल. साहेब म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं." स्वतः हा माणूस कधी शेतात उतरत नाही, बूट खराब होतात म्हणून.

५ मार्च
ताईचा फोन. बाळाला वरचं दूध सुरू करायचंय, पावडरचं. "आमच्या बोअरचं पाणी चालेल ना गं?"

प्रश्न फालतू नाही. पाण्यात नायट्रेट जास्त असलं की तान्ह्या बाळाच्या रक्तात प्राणवायू नीट वाहत नाही, बाळ निळं पडतं. मोठ्यांना काही होत नाही, म्हणून कुणाला पत्ताही लागत नाही. उकळून उपयोग शून्य — पाणी आटतं, नायट्रेट तिथेच.

मी ऐटीत सांगितलं, "बारा आहे. खुशाल दे." मावशी झाल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी माझा सल्ला मागितला!

७ मार्च
मातीतले जंतू नायट्रेट खाऊन त्याचा वायू करतात. मॉडेलमध्ये त्यांची भूक किती धरायची ते माझ्या हातात. वाढवली. त्रेपन्नाचे चाळीस झाले.

१० मार्च
आणखी वाढवली. बावीस. माझे जंतू आता फुकटच्या जेवणावर तुटून पडल्यासारखे हादडतायत. इतके खादाड जंतू जगात कुठे असतील असं वाटत नाही. साहेबांना तसं बोलले. "आकडा जुळला की झालं," म्हणाले.

११ मार्च
बारा! जुळलं! साहेबांनी चहा पाजला. स्वतःच्या पैशाने.

१३ मार्च
प्रयोगशाळेतल्या बाई जिन्यात भेटल्या. सहज म्हटलं, तुमचे बोअरच्या पाण्याचे आकडे फार कमी येतात हो.

"कमी कुठे? आम्ही त्यातल्या नुसत्या नायट्रोजनचं वजन देतो. ऑक्सिजन धरून अख्खं नायट्रेट हवं असेल तर जवळजवळ साडेचारने गुणायचं. सगळ्यांना माहीत असतं ते."

सगळ्यांना.

तिथेच पायरीवर बसून गुणलं. बारा चोक अठ्ठेचाळीस, वर थोडे. त्रेपन्न. म्हणजे मॉडेल पहिल्या दिवसापासून खरं बोलत होतं आणि मी त्याच्या तोंडात जंतू कोंबत होते. चोर सोडून संन्याशाला फाशी — आणि चोर मीच. सगळ्याच बोअरना ते प्रयोगशाळेच्या चौपटीहून थोडं जास्त सांगत होतं, अगदी शिस्तीत. वेड लागलेलं मॉडेल इतकं शिस्तीत वागत नाही, हे मला कळू नये?

ताई फोन उचलत नाहीये. पाचावर धारण बसलीय. बाळाचे ओठ कसे दिसत असतील, एवढंच डोक्यात.

१३ मार्च, संध्याकाळ
ताईने उचलला. बाळ ठणठणीत! "अगं, आम्ही कुठे वापरलं ते पाणी? हे ऑफिसातून कॅन आणतात. तुझं गणित मला दुसरीपासून ठाऊक आहे." मी हसले, मग रडले.

मग तीच म्हणाली, "पण वरच्या मजल्यावरच्या बाईंना मी सांगितलं होतं गं. माझी बहीण त्यातलीच आहे, ती म्हणते खुशाल द्या. त्यांचं बाळ कालपासून निळसर दिसतंय. दवाखान्यात ठेवलंय. कशाने झालं ते डॉक्टरांना कळत नाहीये."

कोणता दवाखाना, तेवढं विचारलं. निघाले.