पुढे अठ्ठावीस, मागे तीस

जळगाव, १८ एप्रिल १९३८

जेवताना नाना एकदम म्हणाला, "इंदू, डॉक्टरांच्या मोटारीत हवा किती भरायची गं? तुला ठाऊक असेल."

हातातला घास हातातच. अकरा महिने मी भावाच्या या घरात आहे. मोटारीचं नाव कुणी काढलं नव्हतं. म्हटलं, पुढे अठ्ठावीस पौंड, मागे तीस. वहिनी हसली, "मीठ-मिरचीचं माप सांगावं तसं सांगितलंत, वन्सं."

अमळनेरचे कुणी भास्करराव घ्यायला तयार आहेत. ह्यांच्या वर्षश्राद्धाच्या आत ती दारातून जावी अशी नानाची इच्छा. माझी इच्छा कुणी विचारली नाही. विचारली असती तर काय सांगितलं असतं, कोण जाणे.

२० एप्रिल

ट्रंक उघडली. हवा मोजायचं गेज ह्यांच्या रुमालात गुंडाळलेलं. मीच ठेवलं होतं. रुमालाला अजून पेट्रोलचा वास येतो. किंवा मला वाटतो.

मोटार नानाच्या कापसाच्या जिनात, मेहरूणच्या बाजूच्या शेडमध्ये आहे. धुळ्याहून मोडकी आणली ती जिनातल्या दगडू मिस्त्रीनं चालती केली. मडगार्ड ठोकून सरळ, मागचं डावं चाक नवं. लांब तोंडाची, दोनच माणसांची. एका संस्थानिकाच्या मुलाकडून ह्यांनी घेतली तेव्हा सगळं धुळं हसलं होतं. डॉक्टरला कशाला पळणारी मोटार? हे म्हणायचे, रोगी थांबत नाही. खरं कारण मला माहीत होतं. काटा साठाच्या पुढे गेला की ह्यांचा चेहरा मुलासारखा व्हायचा.

हे चालवायचे, मी मोजायची. निघण्याआधी मी एकेका चाकाशी बसे. "किती?" "अठ्ठावीस." "मागे?" "तीस." एवढंच. आम्हांला मूल नव्हतं, ह्यांना बोलायची सवय नव्हती. चोवीस वर्षांत सगळ्यांत जास्त बोलणं या आकड्यांचंच झालं असेल. पण माझ्या मापावर भारी विश्वास. स्वतः कधी तपासून पाहिलं नाही.

आज मिस्त्रीनं पंप मारला, मी मोजलं. पु. २८, मा. ३०.

२४ एप्रिल

सकाळी मोजली: पु. २८, मा. ३०. मग मिस्त्रीनं मोटार धुवायला बाहेर काढली ती दुपारपर्यंत उन्हातच. सहज पुन्हा गेज लावलं. पु. ३३, मा. ३५.

बोट आपोआप वॉल्व्हकडे गेलं. मिस्त्री ओरडला, "अक्का, ऊन लागी जाई तुमले! बठ्ठी मोटार चुल्हासारखी तपी गयी शे." तेव्हा भानावर आले.

गेल्या वैशाखात असंच. सोनगीरला रोगी पाहून झाला होता. किल्ल्याच्या पायथ्याशी निंबाखाली मोटार उभी, हे आत कुणाकडे ताक पीत होते. मी मागची चाकं मोजली. अडतीस! आठ पौंड जास्त. ट्यूब फाटेल म्हणून सोडून तीसवर आणली. धुळ्याचे सगळे मोटारवाले उन्हाळ्यात तेच करायचे: चाक तापलं की फुस्स करून थोडी सोडायची. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "बरं केलंस."

दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच रोग्याचं बोलावणं आलं. मी देवापाशी होते. "हवा?" असं ह्यांनी दारातून विचारलं. मी म्हटलं, "काल केलीय."

ते शेवटचं.

२५ एप्रिल

सकाळी शेडमध्ये गेले. पु. २८, मा. ३०. कुणी भरली नाही, कुणी सोडली नाही. मिस्त्रीला विचारलं, कालची पाच पौंड गेली कुठं? तो विडी कानावर ठेवत म्हणाला, "हवा कोठे जाई अक्का? ती तठेच शे. तपनी का फुगस, थंडी व्हयनी का बसस."

तापली की फुगते, गार झाली की बसते. दिवसभर दुसरं काही सुचलं नाही.

२६ एप्रिल

मिस्त्रीकडून मोटार मुद्दाम उन्हात लावून घेतली. दुपारी मागचं डावं: ३५. सोडून ३० केली. बाकी चाकांना हात लावला नाही. आता उद्या सकाळी.

२७ एप्रिल

मागचं डावं: २५.

तीन वेळा मोजलं. पंचवीसच. उन्हात नुसत्या उभ्या मोटारीचं हे. सोनगीरला तर चाकं पळून तापली होती, आणि मी आठ सोडली. म्हणजे त्या पहाटे तेवीस असेल. किंवा कमीच.

मिस्त्रीला आडवळणानं विचारलं, हवा कमी असली तर काय होतं? तर म्हणाला, मऊ चाक पळताना चुरगळतं, चुरगळलं की आतून तापतं, आणि वेग असला तर... हातानं फुटल्याची खूण केली. मग माझ्याकडे पाहिलं आणि हात खाली घेतला. फुटलेलं मागचं डावं त्यानंच बदललं होतं.

मी फाटू नये म्हणून सोडली होती.

३० एप्रिल

नानाला सांगितलं. सगळं नाही, निम्मं. तो वर्तमानपत्राआडून म्हणाला, "पंचनाम्यात बैल आहे, इंदू. बैल आडवा आला, मोटार उलटली. त्याच्यापुढे तू काही वाढवू नकोस."

"टायरही फुटला होता."

"उलटल्यावर फुटतोच."

बैल असेलही. आधी बैल की आधी टायर, हे बघायला तिथं कुणी नव्हतं. हे होते. पण मी पंचवीसचा आकडा पाहिलाय, तो कसा पुसू?

२ मे

आखाजी, अक्षय्य तृतीया. गल्लीतल्या सासुरवाशिणी माहेरी आल्यात, निंबाला झोके बांधलेत, सकाळपासून गाणी. वहिनीच्या खापरावर मांडे. मीही माहेरीच आहे म्हणा. मागच्या खोलीत आमरसाचे आंबे पिळत बसले.

भास्करराव मोटार पाहायला आले, बायकोला घेऊन. तो तिशीचा, उमदा, बोलका. ती कमल, वीस-बावीसची. माझ्या पाया पडायला वाकली तर वहिनीनं हळूच तिला झोक्याकडे नेलं. सणाचा दिवस, सवाष्ण. वहिनीचं चुकलं नाही. तरी दुपारी पोरगी पुन्हा माझ्याकडे आलीच. गेज दिसलं. "हे काय हो? घड्याळ?" दाराशी आणलेल्या मोटारीचं एक चाक मोजून दाखवलं. डोळे एवढे झाले. "मला येईल?"

भास्करराव म्हणाले, "इंदूताई, डॉक्टरांच्या मोटारीचे कंपाउंडर तुम्हीच की!" सगळे हसले. मीही. किती दिवसांनी.

आमच्या निंबाचा झोका संध्याकाळी रिकामाच हलत होता.

८ मे

मोटार गेली.

भास्करराव एकटेच आले होते. निघताना म्हणाले, "पुढच्या रविवारी पहाटे धुळ्याहून सोनगीर. मित्राशी पैज आहे, त्याची मोटार की माझी. हवेचं तेवढं सांगा." मी म्हटलं, पु. अठ्ठावीस, मा. तीस. मोजायची ती सकाळी, सावलीत, चाकं गार असताना. तापल्यावर वाढलेली दिसली तरी सोडायची नाही.

"का बरं? आम्ही तर सर्रास सोडतो."

मी तोंड उघडलं. नाना पायरीवर उभा होता, माझ्याकडे एकटक पाहत.

म्हटलं, "पद्धत आहे."

पद्धत आहे! आमच्या बायकांच्या किती गोष्टी याच दोन शब्दांखाली झाकलेल्या. ते हसले, "बरं, बरं, डॉक्टरांची पद्धत." त्यांना ते सोवळ्या-ओवळ्यासारखं वाटलं असणार.

आकडे विसरू नयेत म्हणून चिठ्ठी दिली. गेज दिलं. रुमाल ठेवून घेतला.

१० मे

शेडमध्ये तेलाचा एक डाग. मिस्त्री त्याच्यावर राख टाकत होता. म्हटलं, राहू दे. सकाळी उठल्यावर मोजायला काही नाही.

चिठ्ठीत काय लिहिलं ते आठवतेय. "पु. २८, मा. ३०." बस्स. सकाळी मोजा हे लिहिलंच नाही. वर्षानुवर्षं मी वहीत असंच लिहीत आले. सकाळीच मोजायची, मग लिहायचं कशाला?

१३ मे

अमळनेरहून कार्ड. कमलचं. अक्षर गोल गोल.

"ती. इंदूताईंना कमलचा नमस्कार. तुमचं गेज ह्यांनी माझ्या हवाली केलं आहे. आता मी कंपाउंडर. आज भर दुपारी ह्यांनी मोटार फिरवून आणली तेव्हा मोजली, तर केवढी तरी जास्त! घाबरलेच. तुमच्या चिठ्ठीबरहुकूम सोडून पु. २८, मा. ३० केली. हे म्हणाले, बरं केलंस. शनिवारी रात्री धुळ्याला मुक्काम, रविवारी पहाटे सोनगीर. मीही शेजारी बसणार आहे."

कितीदा वाचलं ते माहीत नाही.

नाना म्हणतो, पत्र टाक. पत्र सोमवारी पोचेल. तार करावी? तारेत काय लिहू? हवा भरा? किती, का, कधी? पुन्हा एक आकडाच ना. आकड्यांनीच घात केला.

"मग काय तिथं जाऊन सांगणार आहेस? लोकांना काय सांगू मी? डॉक्टरांना कुणी..." नानानं वाक्य पुरं केलं नाही. मी मनात केलं.

१४ मे, जळगाव स्टेशन

नाना सकाळीच बाहेरगावी गेला. मुद्दाम गेला की काय, ठाऊक नाही.

वहिनी दारात आडवी. "वन्सं, वर्षाच्या आत? एकट्या?" मी पिशवी उचलली. ती आत गेली. वाटलं, रागावली. तर दशम्या नि लोणचं फडक्यात बांधून घेऊन आली. म्हणाली, "त्या पोरीला माझं नाव सांगा. आखाजीला मीच तिला तुमच्यापासून दूर नेलं होतं."

फलाटावर नळापाशी सावलीत बसून लिहितेय. गाडीला उशीर आहे, किती ते कुणी सांगत नाही. अमळनेरला ते धुळ्याला निघायच्या आत पोचले तर बरं. नाहीतर धुळं. धुळ्यात वर्षभर पाऊल टाकलेलं नाही. त्यांच्या मित्राचं घर कुठलं, तेही माहीत नाही.

काय बोलायचं ते जुळवून पाहतेय. आधी भास्कररावांना नाही. आधी तिला. शेजारी बसवून, गेज तिच्या हातात देऊन, मोज म्हणायचं. मग पुढचं. "कमल, मीही भर दुपारीच सोडली होती." एवढं एक वाक्य तोंडातून निघालं पाहिजे. इथं, नळापाशी, दोनदा पुटपुटून पाहिलं. दुसऱ्यांदा निघालं. शेजारची म्हातारी म्हणाली, "काय व्हयनं, बाई?"

सिग्नल पडला वाटतं. धुळ्यापर्यंत जावं लागलं तरी दिवेलागणीला पोचेन. तोवर चाकं गार झालेली असतील.