सोल्युशनचं झाकण

४ नोव्हेंबर, मंगळवार

रविवारी लिहिलेलं दुरुस्त करते. ‘बाबांनी सोल्युशनचा डबा रात्रभर उघडा टाकला’ — चूक! झाकण होतं. नुसतं टेकवलेलं, दाबलेलं नव्हतं. सुकलंच मात्र. वर साय, खाली रबराचा गोळा. चपला चिकटवायच्या कशाने?

बाबा म्हणाले, “तू शिकलीस ना? वाच डब्यावर काय लिहिलंय.”

मुंगीएवढं इंग्रजी. ‘झाकण घट्ट लावा. थंड जागी ठेवा.’ वाचून दाखवलं.

“हे तर मी न वाचता सांगितलं असतं!”

मग करत का नाहीत?

५ नोव्हेंबर

दुसरा डबा आणला. आजपासून तो माझ्याकडे. बाबा डिलाईल रोडवरची चपला-दुरुस्तीची पेटी आवरून आले की आधी काठ चिंधीने पुसायचा. काठावर थर राहिला तर झाकण बसत नाही. मग झाकण, त्यावर बत्त्याचे चार ठोके, आणि डबा पालथा.

शेजारची संघमित्रा ओरडली, “काय गं, चटणी वाटतेस?”

वाटू दे तिला काहीही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

परत तेच! कामावर जाता-जाता बाबांना जेवण द्यायला गेले तर झाकण बाजूला, डबा उन्हात.

“गिऱ्हाईक होतं ना गो.”

गिऱ्हाईक कुठेच नव्हतं. माझ्याशी खोटं का बोलायचं? मी रोज ठोकून बसवते ते कशाला?

८ नोव्हेंबर

निम्मं सोल्युशन जॅमच्या बरणीत ओतलं. बरणी गच्च भरली की आत हवा उरत नाही. आता बरणीचं झाकणच चिकटलंय. आई म्हणते, “तुझा जॅम तूच खा.”

बाबा आज घरीच काम करत होते. वाऱ्याने सुकू नये म्हणून मी खिडकी लावली, पंखा बंद केला. बाबा घामाघूम झाले, तरी काम चालूच.

९ नोव्हेंबर, रविवार

वॉल्टर अंकल, बाबांचं जुनं गिऱ्हाईक, सकाळीच दारात. एका पायात बूट, दुसऱ्याचा सोल हातात.

“लवू, मी चर्चमध्ये पोचलो, सोल पायरीवरच राहिला! फादर पण हसला रे!”

बाबांनी सोल ठेवून घेतला. तीस वर्षांत असं झालेलं नाही. मी पटकन म्हटलं, “अंकल, सोल्युशन सुकलेलं होतं.” ते गेल्यावर सोल उलटून पाहिला. टाचेला जाड लपका, पुढे कोरडं ठाक. सुकलेलं असतं तर असा लपका कसा?

बाबा ब्रश वापरत नाहीत. उजव्या हाताच्या बोटाने लावतात. ‘बोटाला कळतं, किती लावायचं ते.’ लहानपणापासून हेच ऐकत आले.

१० नोव्हेंबर

पुन्हा नवा डबा आणला. बाबांच्या हातात न देता फळीवर ठेवला.

१२ नोव्हेंबर, बुधवार

लवकर उठले. बाबा मोरीत. आई पाटावर बसून डब्याचं झाकण सुरीने उचकटत होती. मला बघून दचकली.

“तू का उघडतेस?”

“रोज मीच उघडते. तू किती ठोकतेस गो! त्यांच्या बोटांत जोर नाही उरला. बधिर झालीत. दिवसा एकदा दाबलं तर परत कोण उघडणार तिथे? म्हणून नुसतं टेकवतात.”

“मला का नाही सांगितलं?”

“‘तिची परीक्षा होऊ दे’ म्हणाले.”

परीक्षा मे महिन्यातच झाली! नोकरीलाही लागले. तेव्हापासून म्हणे ‘आता तिचं नवीन काम आहे, नको सांगू’.

आणि मी त्यांना निष्काळजी म्हणत होते. तीनदा. वहीत लिहिलं ते वेगळंच.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

डब्यावरचं उरलेलं आज वाचलं. ‘मोकळ्या हवेत वापरा. वाफ हुंगू नका. कातडीला लागू देऊ नका. हात-पाय बधिर झाल्यास डॉक्टरांना दाखवा.’

बाबांनी विचारलं होतं, काय लिहिलंय. मी दोन ओळींवर थांबले. झाकणाच्याच काळजीत! आणि शनिवारी खिडकी लावली ती मीच.

खिडकी उघडी आहे. ब्रश आणलाय. रजा टाकली. मज्जातंतूंची ओपीडी सोमवारी, सकाळी आठ.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आठ वाजता ओपीडीच्या रांगेत बाबा आणि मी.